हळदीचा कागद आणि लोणारचं पाणी

प्रत्येक घराला कसलं ना कसलं वेड असतं. कुणाकडे गाण्याचं, कुणाकडे क्रिकेटचं, कुणाकडे नुसतं नवनवीन भांडी जमवण्याचं. आमच्या घरात वेड आहे ते दगडांचं आणि ताऱ्यांचं! हे पाटबंधारे खात्यात आहेत. कामाच्या निमित्तानं जिथं जिथं जातील, तिथून एखादी गारगोटी खिशात घालून आणणार. पँट धुवायला टाकताना मी आधी खिसे चाचपते, ते पैशांसाठी नाही, दगडांसाठी! आणि चिरंजीव बापाच्या वरताण. आठवीत आहे, पण जमिनीवर कमी आणि आकाशातच जास्त असतो. धाकटी चौथीत. ती या दोघांच्या मागे मागे. उरले मी आणि सासूबाई. आम्ही दोघी आपल्या स्वयंपाकघरात. मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. सकाळचे तीन तास एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. उल्का नि खडक यांच्याशी माझा काय संबंध, असंच मला वाटायचं.

पण मैत्रिणींनो, गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि माझं मलाच वाईट वाटलं. तो आधी सांगते.

सहामाहीत चिरंजिवांचे गुण घसरले. सदा न कदा मोबाईलमध्ये डोकं. मित्र नाहीत, खेळायला जाणं नाही. नातेवाईकांकडे गेलो की, ‘मुलगा फार एकलकोंडा झालाय हो’ हे ऐकायचं. एक दिवस माझा संताप झाला. मोबाईल काढून घेतला आणि कपाटात पैठणीखाली ठेवून कुलूप लावलं. पोरगा भांडला नाही, रडला नाही. ते मला जास्त लागलं, पण मी मागे हटले नाही.

पंधरा दिवसांनी वह्यांना कव्हरं घालायला बसले, तेव्हा एक जाडजूड वही हाती आली. अमेरिकेची नासा ही संस्था 1995 पासून रोज आकाशाचं एक चित्र आणि त्याखाली चार ओळींची माहिती इंटरनेटवर देते. आमचे चिरंजीव ते रोज वाचून त्याचं मराठी करून वहीत उतरवत होते! अडलेले शब्द मराठी विश्वकोशात शोधायचे. तोही आता मोबाईलवर वाचता येतो. ‘धूमकेतूची शेपटी सूर्याच्या उलट बाजूला असते, मग तो कुठेही जात असो’ अशी त्याची साधी, सरळ वाक्यं. वर तारीख, खाली मजकूर. आणि शेवटची पानं? मी मोबाईल काढून घेतल्यापासूनच्या पंधरा तारखा ओळीनं लिहिलेल्या, आणि खाली काहीच नाही.

मी मराठीची शिक्षिका. दुसऱ्यांच्या मुलांचे निबंध तपासते, आणि माझ्याच घरात कुणी इतकं मराठी लिहितंय याचा मला पत्ता नाही!

मोबाईल परत दिला, पण एक अट घातली. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं, जे वाचलं असेल ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. असंच एकदा लोणारचं वाचणं चाललं होतं. सासूबाई एकदम म्हणाल्या, “अरे, मी लग्नाआधी गेले होते की तिथं. धारेवर आंघोळ केली होती.” झालं! आम्ही जालन्याचे, मंठ्यावरून लोणार अडीच-तीन तासांचा रस्ता. इतक्या जवळ असून आम्ही कधी गेलो नव्हतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. आम्हा बायकांना 2023 पासून एस.टी.त अर्धं तिकीट, त्यामुळे ह्यांनीही कुरकुर केली नाही.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पहाटेच निघालो. लोणार गाव बुलढाणा जिल्ह्यात. गावातून चालताना पुढे काय आहे याची काही कल्पना येत नाही. सपाट शेतं, घरं, दुकानं. आणि एकाएकी पायाखालची जमीन संपते! समोर एक प्रचंड गोल वाडगं. एका काठापासून दुसरा काठ जवळजवळ 1.8 किलोमीटर लांब. उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचं तळं. धाकटी म्हणाली, “आई, कुणीतरी पिठात बोट खुपसल्यासारखं दिसतंय.” मला पुरणपोळीच्या उंड्याची पारी आठवली, पण मी बोलले नाही.

इथं आमच्या चिरंजिवांची वाचा जी फुटली! आपला सगळा मुलूख बेसाल्टच्या काळ्या दगडाचा. हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यामुळे इंग्रजी अमदानीत, 1823 साली अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली, त्यानंतरही बराच काळ पुष्कळांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटायचं. पुढे इथं खोल छिद्रं पाडून दगडांचे नमुने काढले, आणि त्यांत भयंकर आघातानंच होणाऱ्या खुणा सापडल्या. 1973 साली ते प्रसिद्ध झालं, आणि आकाशातून अशनी आदळूनच हे विवर झालं हे पक्कं ठरलं. बेसाल्टमध्ये झालेली अशी विवरं जगात फार थोडी. मंगळावर आणि चंद्रावर मात्र तसाच खडक, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीनं वय सुमारे 52 हजार वर्षं निघालं, तर 2011 सालच्या मोजणीत पाच लाख सत्तर हजार!

शाळेच्या सहलीला आलेल्या दहा-बारा मुली जवळच उभ्या होत्या. त्या हळूहळू सरकत आमच्याजवळ आल्या. एकीनं विचारलं, “दादा, मग तो दगड गेला कुठं?” आणि आमचा एकलकोंडा मुलगा त्यांना हातवारे करून समजावून सांगायला लागला की, इतक्या वेगानं आदळल्यावर अशनीचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन जातो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदरानं उगाच चष्मा पुसला.

सासूबाई धारेपाशी बसल्या. तिथं गोमुखातून गोड पाण्याची धार बारमाही वाहते. आम्ही चौघं खाली उतरलो. वाट झाडीतून जाते, मोर ओरडतात, जुनी पडकी देवळं लागतात. तळ्याजवळ गेलं की नाकाला उग्र वास येतो. पाणी खारं आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. 2020 सालच्या जूनमध्ये हेच पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं, वाचकांना आठवत असेल. ती खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांची करामत, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं.

“अल्कधर्मी म्हणजे काय गं?” धाकटीनं विचारलं. बाप-लेक दोघं समजावू लागले, पण तिच्या पदरी काही पडेना. मग मी माझी पिशवी उघडली. आदल्या रात्री मी गुपचूप एक उद्योग केला होता. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावली, वाळवली आणि पट्ट्या कापून घेतल्या. एक पट्टी धारेच्या पाण्यात आधीच बुडवून पाहिली होती, ती पिवळीच राहिली. दुसरी तळ्याच्या पाण्यात बुडवली आणि ती बघता बघता तांबडी झाली! साडीवर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, आपण सगळ्याजणी रोज पाहतो. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं तेही ह्याच कारणानं. साबण, सोडा, चुना ही सगळी त्याच जातीची. चिरंजीव माझ्याकडे बघतच राहिले. “आई, हे तुला कुठं वाचायला मिळालं?” मी म्हटलं, “न्हाणीघरात!”

मग मीही जरा भाव खाल्ला. म्हटलं, नाव बघ ना, लोणार. लवण म्हणजे मीठ. कथेतला राक्षसही लवणासुर. तो जमिनीखाली राहायचा. विष्णूनं त्याच्या बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्यानं उडवलं, ते दूर धाकेफळला जाऊन पडलं, आणि राक्षस मेला. हे पाणी त्याचं रक्त आणि हे क्षार त्याचं मांस. त्या विष्णूचं, दैत्यसूदनाचं सुंदर कोरीव देऊळ वर गावात आहे. चिरंजीव जरा वेळानं म्हणाले, “म्हणजे काहीतरी जोरात घडलं हे त्यांनाही कळलं होतं.” हे वाक्य त्यानं घरी आल्यावर वहीत लिहिलं.

इथवर सगळं छान. वर चढून आलो तर धाकटी म्हणते, “दादाच्या खिशात दगड आहे!” मी विचारलं, तर मान खाली. हे विवर अभयारण्य आहे, सन 2000 पासून. तिथून काही उचलायचं नसतं. सासूबाई म्हणाल्या, “देवाच्या दारातलं नेऊ नये रे.” तो म्हणाला, “एका दगडानं काय होतंय?” मी म्हटलं, “तूच सांगितलंस ना, दगडांनीच हे कोडं सोडवलं? आलेल्या प्रत्येकानं एकेक नेला असता, तर सोडवणाऱ्यांना काय उरलं असतं?” तर डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, “बाबा आणतातच की!”

यावर मला उत्तर सुचेना. सगळे ह्यांच्याकडे बघू लागलो. हे मिनिटभर गप्प राहिले. मग त्यांनीही खिशात हात घातला आणि एक काळा, भोकाभोकांचा दगड बाहेर काढला!

मी रागवावं की हसावं? सासूबाईंनीच कपाळाला हात लावला. बाप-लेक दोघं काही न बोलता पुन्हा खाली उतरले, जिथून उचलले होते तिथं दगड ठेवून घामाघूम होऊन वर आले. तोवर आमची गाडी गेली होती. मंठ्यापर्यंत एका गाडीत दाटीवाटीनं, तिथून दुसरी, असं करत रात्री साडेदहाला घर गाठलं. सासूबाईंचे गुडघे चार दिवस दुखत होते. पण त्यांची एका शब्दानं तक्रार नाही.

आता घरात रिवाज पडला आहे. दगड आणायचाच तर रस्त्याच्या किंवा विहिरीच्या खोदकामातला, आणि कुठला, कधीचा हे चिठ्ठीवर लिहून. वहीत मात्र लोणारचं पान आहे. त्यावर दोन हळदीचे कागद चिकटवलेत, एक पिवळा, एक तांबडा. गुण? थोडे सुधारलेत, फार नाही. पण रात्रीची दहा मिनिटं चुकत नाहीत, आणि आता मधूनमधून मीही वाचते.

लोणारला जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. सकाळी लवकर उतरा, दुपारचा चढ जड जातो. चपला नकोत, घट्ट बूट घाला. प्यायचं पाणी आणि खाणं बरोबर ठेवा, कागद-पिशव्या परत आणा. गुडघेदुखी असलेल्यांनी काठावरूनच पाहावं. हळदीचे कागद न्यायला विसरू नका.

आणि परतताना सगळ्यांचे खिसे तपासा. आधी नवऱ्याचे!