वाकडी रेष

मलाजखंडला जायचे कारण घरगुती होते. आमचा एक आतेभाऊ तिथल्या तांब्याच्या खाणीत नोकरीला होता, निवृत्तीनंतर तिथेच राहिला. बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात असला तरी 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानीचा. बाजारात मधूनच मराठी कानावर पडते आणि आम्हा गोंयकारांना हायसे वाटते.

हिंदुस्तान कॉपरची ही खाण 1982 सालची. पायऱ्यापायऱ्यांचा तो प्रचंड खड्डा पाहून डिचोलीच आठवली.

जवळच्या गोंड वस्तीत एक बाई सणासाठी भिंत सजवत होती. छुई म्हणजे पांढरी माती, गेरू आणि बोटे, एवढेच सामान. या नक्षीला डिगना म्हणतात. शेजारणी येत, दोन रेषा ओढत, गप्पा मारून जात. कोणाची रेष कुठली, कोणी विचारत नव्हते. अशाच भिंतींवरून पाटणगढचा जनगढ सिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात पोचला. तेही 1982 सालीच उघडले. जनगढ थोर कलावंत, वादच नाही. पण चित्र कागदावर गेले की खाली एकाचेच नाव येते.

मला आमच्या वाड्यावरचा नरकासुर आठवला. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि गाव दुभंगला. ट्रकवाल्यांचे हप्ते थकले. आम्हा शेतवाल्यांना वाटले, आता तरी शेतात गाळ येणार नाही. चवथीला एकमेकांकडे आरतीला जाणेही थांबले. दिवाळीला दोन नरकासुर उभे राहिले! तिसऱ्या वर्षी ट्रकवाल्यांच्या पोरांना गवत मिळेना, आमच्या पोरांकडे सांगाडा न्यायला गाडी नव्हती. थोरांना न विचारता त्यांनी एकच नरकासुर करायला घेतला. रात्री मीही कागद चिकटवायला बसलो. बाजूला नेमका गाळावरून माझ्याशी भांडलेला शेजारी. बराच वेळ दोघेही गप्प. मग त्याने खळीचा डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "नाक वांकडें जालां मरे."

दोन वर्षांतले ते त्याचे पहिले वाक्य. खाणीवरचे त्याचे मत बदलले नाही, माझेही नाही. पुढच्या चवथीला मात्र तो आरतीला आला.

हल्ली पणजीत महोत्सवासाठी भिंती रंगवतात. सुंदर असतात, पण तिथे मी नुसता बघ्या.

मलाजखंडच्या त्या बाईने वाडगा माझ्यापुढे धरला. "भैया, तुम भी एक लकीर खींचो." माझी रेष वाकडी गेली. तिने ती पुसली नाही. तिला लागूनच, तितकीच वाकडी दुसरी ओढली.