काकू, पिन टाकली का?

नव्या बदलापूरकराला गल्लीतलं दुकान माहीत नसतं आणि दुकानदाराला तो! या दोघांची गाठ मोबाइलवर कशी पडते, हे बघायला केलेली पूर्व-पश्चिम पायपीट...

बदलापूर म्हटलं की मुंबईकराचे प्रश्न ठरलेले. 'तिकडे पाऊस फार ना?' आणि 'रोजचं अपडाऊन झेपतं कसं रे बाबा तुम्हाला?' सीएसएमटीपासून जवळपास ६८ किलोमीटर, म्हणजे चौथ्या सीटवर अर्धवट टेकून आख्खा पिक्चर बघून होईल एवढा प्रवास! पण घराचा हप्ता परवडतो, खिडकीतून डोंगर दिसतो आणि नळाला पाणीही (बहुतेक वेळा) येतं. मग काय, लोक आले. येतच राहिले.

२००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या होती साधारण ९८ हजार. २०११ मध्ये तीच १ लाख ७४ हजारांवर गेली आणि त्यानंतर तर टॉवरवर टॉवर चढलेत. पूर्वी या वाटेवर प्रवासी घोडे बदलायचे, म्हणून हे बदलापूर, असं जुनेजाणते सांगतात. घोडे गेले, बदलणं मात्र चालूच आहे.

ओळख नाही, पण नेटवर्क आहे!

जुन्या गावात दुकान शोधायचा फंडा एकदम सिंपल होता. नाक्यावर उभं राहायचं आणि पहिल्या माणसाला विचारायचं. तो पत्ता तर सांगायचाच, वर 'माझं नाव सांगा, बरोबर भाव लावेल' हेही सांगायचा. आता कात्रपच्या बाराव्या मजल्यावर कालच सामान उतरवलेल्या जोडप्याने विचारायचं कुणाला? शेजारचा दरवाजा बंद. वॉचमन स्वतःच महिन्यापूर्वी आलेला. मग हात जातो मोबाइलकडे. 'टेलर नीअर मी', 'पोळीभाजी नीअर मी'. नाक्यावरच्या त्या माणसाची जागा आता नकाशाने घेतलीय. फरक एवढाच, की नकाशाला जेवढं सांगाल तेवढंच तो पुढे सांगतो. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, तर त्याच्या लेखी तुमचं दुकान अस्तित्वातच नाही.

मी मास कॉम केलेली फ्रीलान्सर. बदलापुरात राहायला आल्यावर ओळखीच्या दुकानदारांचं एकच पालुपद सुरू झालं, 'मॅडम, नेटवर आमचं काहीतरी टाका ना!' त्यामुळे गेले काही वीकएण्ड माझा मुक्काम कुणाच्या ना कुणाच्या काउंटरमागे होता. मानधन म्हणजे कटिंग, वडापाव आणि एकदा कैरीच्या लोणच्याची बरणी. नॉट बॅड!

शिंपीकाकांचा 'चुलत' पत्ता

सुरुवात पूर्वेकडून. कात्रपमधले शिंपीकाका जीन्स आखूड करण्यापासून ब्लाऊजपर्यंत सगळं करतात आणि हात एकदम सफाईचा. गिऱ्हाईक मात्र जुनंच. नवे लोक का येत नाहीत, ते पाच मिनिटांत कळलं. नकाशावर दुकान होतं, कुणीतरी उत्साही माणसाने कधीतरी टाकलेलं. पण पिन दोन गल्ल्या पलीकडे, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर! फोन नंबर जुना. वेळ दिलेलीच नाही. म्हणजे लोक शोधत होते, येतही असतील आणि विटांच्या ढिगासमोर उभे राहून परत जात असतील.

इलाज काय? वेबसाइट नको, जाहिरात नको. गूगलवर त्या जागेचा मालकीहक्क सांगायचा, पडताळणी पूर्ण करायची (हल्ली पुष्कळदा दुकानाचा छोटा व्हिडिओ मागतात), पिन सरकवायची, नंबर बदलायचा. या सेवेचं नाव २०२१ पासून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' आहे आणि ती फुकट आहे. काकांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते वेळेचं. ते दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतात, पण रात्री दहापर्यंत मशीन चालू असतं. आणि त्यांचं नवं गिऱ्हाईक लोकलमधून उतरतंच मुळी साडेआठनंतर! 'दहापर्यंत उघडं' ही माहिती त्यांच्या पाटीवरही नव्हती. आता मोबाइलवर आहे आणि शटरवरही.

कल्याण सुटलं की पोळी

रुळांच्या पलीकडे पश्चिमेला, मांजर्लीत एक काकू घरूनच पोळीभाजी देतात. मुलाची कॉलेजची फी आणि घरभाडं, दोन्ही या तव्यावर. 'अगं, पण माझ्या घराचा पत्ता सगळ्या जगाला कशाला दाखवायचा?' हा त्यांचा पहिला प्रश्न आणि शंभर टक्के रास्त. घरातून धंदा करणाऱ्यांना पत्ता लपवून फक्त 'अमुक भागात सेवा देतो' असं दाखवता येतं, हे कळल्यावरच त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. खाण्याचा धंदा म्हणून एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती त्यांच्याकडे आधीपासून होती आणि तिचा नंबर आम्ही ऑर्डरच्या माहितीत ठळकपणे टाकला.

मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. हे अ‍ॅप २०१८ मध्ये आलं. त्यात भाज्यांची यादी फोटोसकट लावता येते आणि आपोआप जाणारा निरोपही ठेवता येतो. काकूंचा निरोप त्यांच्याच शब्दांत आहे: 'कल्याण सुटलं की मेसेज करा. बदलापूर येईपर्यंत पोळ्या तयार.' माझ्या डिग्रीच्या अख्ख्या बॅचला जमली नसती अशी टॅगलाइन! कारण तिच्यात गिऱ्हाइकाचा अख्खा दिवस आहे. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ... तोवर कणीक मळून झालेली.

आणि इथेच खरी मेख आहे. ऑर्डरी वाढल्या तशा काकू एका शनिवारी म्हणाल्या, 'वीस डब्यांच्या वर नको गं. पोळी वातड झाली तर आहेत तेही जातील.' इंटरनेट गिऱ्हाईक आणून दारात उभं करतं, पुढचं काम तव्याचं. किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे तंत्र कुठलंच अ‍ॅप शिकवत नाही. काकूंनी रविवारची सुट्टी जाहीर केली, वीस डबे झाले की 'आजचं संपलं' असं स्टेटस ठेवायला लागल्या आणि लोक दुसऱ्या दिवशी लवकर मेसेज करायला लागले!

'नंबर वन करून देतो'

स्टेशनजवळच्या एका इलेक्ट्रिकवाल्या दादांना मात्र वेगळंच टेन्शन. त्यांना फोन आला होता, 'इतके हजार द्या, गूगलवर तुम्हाला पहिल्या नंबरवर आणतो. शंभर रिव्ह्यू फ्री!' दादा जवळजवळ तयार झालेले. बॉस, थांबा! स्थानिक दुकानं दाखवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं. शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध किती, अंतर किती आणि दुकान किती नावाजलेलं आहे. पैसे भरून जाहिरात करता येते, पण तिच्यावर तसं लिहून येतं. या यादीतला वरचा नंबर विकत मिळत नाही. खोटे रिव्ह्यू नियमात बसत नाहीत आणि ते उडवले जातात. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनेही एक मानक आणलंय.

दादांचा स्वस्त आणि मस्त उपाय असा. पंखा बसवून झाला की गिऱ्हाइकाला सरळ म्हणायचं, 'काम आवडलं तर दोन ओळी लिहा.' बदल्यात सूट-बिट काही नाही. एकाने लिहिलं, 'काम चांगलं, पण अर्धा तास उशिरा आले.' दादा चिडले, मग उत्तर लिहिलं, 'पावसामुळे उशीर झाला, पुढच्या वेळी फोन करेन.' खरं सांगू? मला त्या पानावरचं सगळ्यात विश्वासाचं वाक्य तेच वाटलं.

पाऊस पडतो तेव्हा...

बदलापूरचा पाऊस म्हणजे काय, ते २७ जुलै २०१९ ला देशाने बघितलं. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. लोकल थांबली की हे शहर मुंबईपासून सुटं होतं. अशा दिवशी मोठमोठ्या अ‍ॅपचा डिलिव्हरीबॉय येईलच असं नाही. तेव्हा 'आज उघडं आहे' एवढे तीन शब्द टाकणारा गल्लीतला मेडिकलवाला सगळ्यात मोठा ब्रँड असतो.

नकाशावर न मावणारी टोपली

सगळेच काही नकाशावर येत नाहीत. इथल्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण टोपली घेऊन बसणाऱ्या मावशीला दुकान नाही, पाटी नाही आणि हंगामही जेमतेम काही आठवड्यांचा. तिची पिन टाकायची कुठे? मी विचारलं तर हसून म्हणाली, 'तू खा आणि चार जणांना सांग.' तेव्हा सांगतेय. टप्पोरी असतात, जीभ जांभळी होते आणि घासाघीस करू नका!

दुकानदारांचा होमवर्क
• पिन बरोबर दारावर आहे ना? अनोळखी माणसाला मोबाइल देऊन शोधायला लावा.
• पाटीवरचं नाव आणि नेटवरचं नाव एकच ठेवा, मराठीतही लिहा.
• दुपारची सुट्टी, गणपतीची सुट्टी, रात्रीची वेळ, सगळं टाका.
• फोटो स्वतःच्या दुकानाचे, उजेडात काढलेले.
• फोन उचला. बाकी सगळं यानंतर!

भटकायला येताय?
जांभळांसाठी जूनच्या आसपास या. पूर्वेला कोंडेश्वरचा धबधबा आहे, पण पावसाळ्यात तिथे बंदी आहे का ते आधी बघा. परतताना कपडे आखूड करायचे असतील तर कात्रप गाठा. दहापर्यंत उघडं असतं!