पाय हलवा!

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी "काहीतरी हलकंफुलकं द्या, मागच्यासारखं" असं बजावलं होतं. मागे मी आयटीतल्या गमतीजमती लिहिल्या होत्या. या वेळी विषय पाठीच्या कण्याचा आहे, तेव्हा फार हलका होईल असं नाही. पण आपल्या मंडळात दहा ते पंधरा वर्षांच्या मुली असलेली निदान चाळीस घरं आहेत, म्हणून लिहितेच.

माझा कणा वाकडा होता. ही म्हण नव्हे, वैद्यकीय निदान आहे. पाठीचा कणा मागून पाहिला तर सरळ रेषेत दिसायला हवा. काहींचा तो वाढीच्या वयात एका बाजूला वळतो, सोबत पिळाही पडतो, आणि एक्स-रेवर इंग्रजी एस किंवा सी उमटतो. याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. जड दप्तर, वाकून बसणं, उशी न घेता झोपणं यांतलं काहीही कारण नसतं (हे माझ्या समस्त आत्यांसाठी). बाक किती हे अंशांत मोजतात. ती पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली, म्हणून तो कॉब अँगल. दहा अंशांच्या पुढे स्कोलिओसिस म्हणायचं. शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो, पण मोठे बाक मुलींमध्येच जास्त आढळतात.

माझा बाक पहिल्यांदा सांगलीतल्या आमच्या शिंपीणबाईंनी पकडला. १९९३ साली, मी चौदा वर्षांची असताना, गणपतीसाठी ड्रेस शिवायला माप घेताना त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, पोरीचा एक खांदा वर हाय बघा." सोळाव्या वर्षी मिरजेला एक्स-रे काढला, तेव्हा ४१ अंश निघाले. मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टरांनी सुचवलं. बाबांनी एका वाक्यात विषय संपवला: "मणक्याला हात लावू द्यायचा नाही." त्यांच्या ऑफिसातले एकजण मणक्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा चालले नव्हते. ते ऑपरेशन कशाचं होतं हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडे 'मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो' हे वाक्य जन्मपत्रिकेसारखं घरोघरी असतं.

पुढे इंजिनीअरिंग, २००१ साली एम.एस.साठी टेक्सास, नोकरी, लग्न, मुलगी. पाठ दुखायची, पण आयटीत कोणाची दुखत नाही? २०२३ साली ती इतकी दुखायला लागली की भांडी घासायला सिंकपाशी दहा मिनिटं उभं राहता येईना. नवा एक्स-रे काढला, तर ६२ अंश. अठ्ठावीस वर्षांत एकवीस अंशांची वाढ. अशा रुग्णांवर आयोवात चाळीस वर्षं नजर ठेवली गेली आणि डॉ. वाइनस्टाइन व डॉ. पोनसेटी यांनी १९८३ साली ती निरीक्षणं छापली. तीस अंशांच्या आतले बाक वाढ पूर्ण झाल्यावर सहसा वाढत नाहीत, पन्नासच्या पुढचे मात्र मोठेपणीही हळूहळू वाढत राहतात. माझा बाक बरोबर पुस्तकाप्रमाणे वागत होता.

सर्जन म्हणाले, ऑपरेशन करावं असं मला वाटतं, पण निर्णय तुमचा. हेच तर वाईट! सांगलीचे डॉक्टर कसे 'परवा सकाळी अॅडमिट व्हा' म्हणतात आणि आपण होतो. इथे आपल्या हातात पर्याय ठेवतात आणि झोप काढून घेतात. त्यांनी तारीख दिली ती साडेतीन महिन्यांनंतरची, फेब्रुवारी २०२४ मधला एक मंगळवार.

आता माझा व्यवसायच असा की कुठलीही सिस्टीम बदलण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. बदललं नाही तर काय होईल? बदलताना काय बिघडू शकतं? बिघडलं तर मागे कसं यायचं? मी एक्सेल उघडलं आणि त्रेचाळीस प्रश्न लिहिले. सर्जनसाहेबांनी शांतपणे सगळे वाचले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत लहान होतं. मागे येता येत नाही. वरच्या पाठीपासून कमरेपर्यंतच्या मणक्यांत स्क्रू बसवायचे, दोन बाजूंना दोन धातूचे रॉड घालून कणा शक्य तितका सरळ करायचा आणि मधल्या सांध्यांवर हाड पेरायचं. सहा महिने ते वर्षभरात मणके एकमेकांना जुळतात. स्क्रू पुढेमागे काढता येतील, पण जुळलेलं हाड पुन्हा सुटं होत नाही. वीस वर्षांत मी रोलबॅक प्लॅनशिवाय एकही प्रोजेक्ट लाइव्ह जाऊ दिलेला नाही.

दुसऱ्या प्रश्नाची यादी लांब होती. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, हाड न जुळणं, रॉड तुटणं, पुन्हा ऑपरेशन. आणि पाय. किशोरवयीन मुलांत मज्जारज्जूला किंवा नसांना इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी असतं, प्रौढांत जास्त. "किती जास्त?" मी विचारलं. त्यांनी माझी हाडं, वय, बाक सगळं धरून त्यांच्या अनुभवातला अंदाज सांगितला. तो आकडा इथे देत नाही. तो माझ्या पाठीचा होता, तुमच्या कामाचा नाही. लहान होता एवढं सांगते. पण रात्री तीन वाजता लहान आकडे मोठे होतात.

खरा छळ पहिल्या प्रश्नाने केला. काहीच केलं नाही तर? त्याच आयोवाच्या रुग्णांचा पन्नास वर्षांनंतरचा अहवाल २००३ साली आला. उपचार न घेतलेली ही माणसंही बव्हंशी नोकरी, संसार करून नीट जगली होती. पाठदुखी जास्त, मोठा बाक असलेल्यांना दमही लागायचा, पण जगली. म्हणजे मी चालत्या पायांनी जाऊन टेबलावर झोपणार, तेही न केल्याने मरणार नसताना! बाबांचं वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू यायला लागलं.

धीर द्यायला माणसं कमी नव्हती. कोल्हापूरच्या मावशीने कुब्जेची गोष्ट सांगितली. भागवतात कृष्ण कुब्जेच्या पावलांवर पाय देतो, दोन बोटांनी तिची हनुवटी वर उचलतो आणि ती सरळ होते. मावशीचा हेतू भक्तीचा होता, मला मात्र ते फार बरोबर वाटलं. खालून धरायचं, वरून ताणायचं, डॉक्टरही तेच करतात. फक्त कृष्णाला भूल, स्क्रू आणि इन्शुरन्सचं प्री-ऑथरायझेशन लागलं नाही. आपल्या ह्यूस्टनच्या डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी तरी वेगळं काय केलं? पोलिओच्या साथीनंतर वाकलेल्या मुलांसाठी त्यांनी स्टीलचा रॉड आणि हुक तयार केले, आणि १९६२ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. या विषयातला आधुनिक जमाना इथूनच सुरू झाला. मी रोज ज्या मेडिकल सेंटरवरून ऑफिसला जाते, त्या शहरात! हे वाचून उगाच बरं वाटलं. शहराचा आणि माझ्या यशाचा काही संबंध नाही हे कळत होतं, पण भीतीला तर्क लागत नाही तसा धीरालाही लागत नाही.

सगळ्यांत उपयोगी पडल्या आपल्याच मंडळातल्या एक वहिनी. गणपतीच्या महाप्रसादाला भात वाढताना त्यांना मी अनेक वर्षं पाहत आले, ताठ पाठीच्या म्हणून ओळखत आले. पण त्यांच्या पाठीत रॉड आहे हे मला त्या दिवाळीत कळलं. फोन केला तर म्हणाल्या, "घरीच ये." स्वयंपाकघरात त्यांनी पाठ फिरवून मला व्रण दाखवला. मानेखालून कमरेपर्यंत, आता फिकट झालेला. "पहिले दहा दिवस फार वाईट," त्या म्हणाल्या, "अकराव्या दिवशी जरा कमी वाईट. सहाव्या आठवड्यात रडशील, कारण बरी होत असशील आणि तसं वाटणार नाही." अजून काय दुखतं ते मी विचारलं. थंडीत खांद्याच्या मधोमध, असं त्यांनी सरळ सांगितलं. 'काही होत नाही गं' म्हणणाऱ्या पन्नास फोनांपेक्षा त्या एका दुखऱ्या जागेने मला जास्त आधार दिला. आणि हो, उठून त्यांनी खालच्या कप्प्यातून पोह्यांचा डबा काढला, गुडघे वाकवून. ते मी बारकाईने पाहून घेतलं.

त्यावरून आठवलं. माझा एकतिसावा प्रश्न होता, जमिनीवर बसून मोदक वळता येतील का? सर्जननी मोदक म्हणजे काय ते विचारलं. समजावून दिल्यावर कागदावर चित्र काढून म्हणाले, पाठीतून वाकणार नाही, पण खुब्यातून वाकता येईल. खाली बसाल, उठताना कशाला तरी धरावं लागेल. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार? "गुडघे वापरा." मोदक आता टेबलावर वळते. कळ्या पूर्वीही बिघडतच होत्या.

त्याच महिन्यात मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली. टेक्सासमध्ये शाळेतच मुलींची पाठ तपासतात, साधारण दहाव्या आणि बाराव्या वर्षी. मूल पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या वर दिसतात का, एवढंच पाहायचं. घरीही एका मिनिटात होतं, जरूर करा. स्कोलिओसिस घराण्यात उतरू शकतो. माझ्या मुलीचा एक्स-रे १६ अंशांचा निघाला. काही करायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं. वाढत्या वयात पंचविसाच्या आसपास गेला तर पट्टा, म्हणजे ब्रेस. त्याचा उपयोग होतो का हा वाद २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या एका चाचणीने मिटवला. फायदा इतका स्पष्ट होता की ती मुदतीआधी थांबवली, आणि जितके तास पट्टा घातला तितका जास्त फायदा दिसला. मी सोळा वर्षांची असताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या भीतीला प्रेक्षक मिळाला. मुलगी माझ्याकडे बघायची. तिने आयपॅडवर मला ब्रिटनच्या राजकन्या यूजिनीचा २०१८ सालच्या लग्नातला फोटो दाखवला. तिचं बाराव्या वर्षी हेच ऑपरेशन झालं होतं, आणि व्रण दिसावा म्हणून तिने मुद्दाम पाठ उघडी असलेला गाऊन शिवून घेतला. "आई, तू साडीचा ब्लाउज असा शिव," ती म्हणाली. आणि मग, दिवा मालवल्यावर, "तू घाबरलीयेस का?" मी हो म्हटलं. "किती?" तिच्या वयाच्या मुलांना सगळं दहापैकी सांगायचं असतं. सात, मी म्हटलं. "मी आठ," ती म्हणाली आणि झोपली. मी जागीच.

नवरा गॅरेज आवरत होता. चार शनिवार सलग. त्याला घाबरलास का असं मी विचारलं नाही. मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नीच्या कागदांवर साक्षीला शेजारचं जोडपं आलं, चहा प्यायले, हवामानावर बोलले आणि गेले. आई सांगलीहून भाजणी घेऊन आली. बाबा प्रवास झेपत नाही म्हणून तिकडेच राहिले. आदल्या रविवारी फोनवर म्हणाले, "तेव्हा मी नको म्हटलं, ते बरोबर होतं का चूक, मला अजून ठरवता येत नाही." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, बाबा, मलाही आत्ताचं ठरवता येत नाहीये, पण मंगळवारी जातेय. शंका संपल्यावर जायचं ठरवलं असतं तर अजून गॅरेज आवरत बसलो असतो.

सोमवारी जंतुनाशक साबणाने आंघोळ, मध्यरात्रीनंतर खाणं बंद. मंगळवारी पहाटे भूलतज्ज्ञ बाई आल्या. डोक्याला आणि पायांना तारा लावून मज्जारज्जूचे संदेश ऑपरेशनभर तपासत राहतात, हे मला माहीत होतं. संदेश बिघडले आणि शंका फिटली नाही, तर? मग मध्येच भूल हलकी करून तुम्हाला उठवू आणि पाय हलवायला सांगू, त्या म्हणाल्या. ही जुनी पद्धत आहे, १९७३ सालची, फ्रान्समधली. तुम्हाला बहुतेक आठवणारही नाही. मी म्हटलं, बाई, अर्धवट झोपेत मला इंग्रजी कळेल याची खात्री नाही. त्यांनी हसून विचारलं, मग तुमच्या भाषेत काय म्हणू? त्यांनी ते हातावर चिकटवलेल्या टेपवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं आणि दोनदा म्हणून दाखवलं. 'पाय हलवा.' 'ळ' नाही म्हणून बरं, नाहीतर पंचाईत होती. ट्रॉली आत जाईपर्यंत मी त्यांचा उच्चार सुधारत होते.

आठ तास लागले. मध्ये उठवावं लागलं नाही. जाग आली तेव्हा त्याच बाई वाकून म्हणत होत्या, "पाय हालवा." मी हलवले. दोन्ही.

वहिनींचे दहा दिवस अगदी बरोबर निघाले, सहावा आठवडाही. बाक आता २५ अंश आहे, उंची चार सेंटिमीटरनी वाढली. व्रणाच्या डाव्या बाजूला हाताएवढी जागा बधिर आहे, ती बहुधा तशीच राहील. मोटार मागे घेताना मान वळवून भागत नाही, कॅमेऱ्यावर विसंबावं लागतं. सिंकपाशी अर्धा तास उभी राहते. ब्लाउज अजून शिवलेला नाही.

मुलीचा शेवटचा एक्स-रे १७ अंश होता. पुढचा येत्या महिन्यात आहे. या वेळी डॉक्टरांशी एकटी बोलेन, तू बाहेर बस, असं तिने मला सांगून ठेवलंय. तिने प्रश्नांची यादी केली आहे. मला दाखवत नाही.