अडखळणारे इंजिन

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ पश्चिम रेल्वेवर मोटरमन होते. निवृत्तीनंतर त्यांच्या घरातील मोठ्या टेबलावर रुळांची एक लांबट फेरी आली. रूळ १६.५ मि.मी. रुंदीचे, त्यांवर धावणारे इंजिन खऱ्याच्या १/८७ आकाराचे, मुलाने परदेशातून आणलेले. पुढे कंपवाताने काकांचे हात थरथरू लागले आणि इंजिन कपाटात गेले. गेल्या पावसाळ्यात मी भेटीस गेलो असता ते म्हणाले, “फादर, तेही आता माझ्यासारखंच झालंय. धक्के खातंय.”

मी उत्साहाने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्यांनी मान हलवली. “उघडू नका. आधी बघा.”

आम्ही पाहत बसलो. एकाच जागी अडखळले तर दोष रुळाचा. सर्वत्र अडखळले तर इंजिनाचा. ते सर्वत्र अडखळत होते आणि प्रत्येक धक्क्यासरशी त्याचा दिवाही मिचकत होता. म्हणजे मोटरीपर्यंत करंटच अखंड पोचत नव्हता. काकांनी चालवलेल्या लोकलला डोक्यावरच्या तारेतून १,५०० व्होल्टचा डी.सी. करंट मिळे, याला जेमतेम १२ व्होल्ट, तेही रुळांतून चाकांमार्गे. चाकांवर काळा थर चढला की वाट तुटते. सेमिनरीत आदिकारणावर मी पानेच्या पाने लिहिली होती. पण दिव्याकडे पाहावे, हे मला सुचले नव्हते.

औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. रूळ पुसले. मग ओले फडके रुळांवर आडवे टाकून पुढची चाके त्यावर व मागची उघड्या रुळांवर ठेवली, इंजिन हाताने धरले आणि करंट सोडला. चाके जागीच फिरली व फडक्यावर दोन काळ्या रेघा उमटल्या. नंतर इंजिन उलटे धरून मागची चाकेही तशीच स्वच्छ केली.

दिवा स्थिर झाला. धक्का मात्र उरला. आता तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, नेमका. काका डोळे मिटून ऐकत होते. “आता उघडा. गिअरमध्ये काहीतरी आहे.”

तळाचे झाकण काढले. दातांभोवती एक लांब पांढरा केस गुंडाळला होता. चिमट्याने तो ओढून काढायला मला पाऊण तास लागला. वयोमानाने माझीही नजर तेवढी उरलेली नाही. मग तेल. मी थेंब सोडताच काका रागावले, “एवढं नको! मोटरीच्या कार्बन ब्रशांना लागलं तर संपलं. सुईच्या टोकावर राहील तेवढंच.” मी ते निमूटपणे पुसून काढले.

संध्याकाळी काकांनी कंट्रोलर स्वतःकडे घेतला. बटणावरचा हात थरथरत होता, म्हणून त्यावर त्यांनी दुसरा हात दाबून धरला. इंजिन मुंगीच्या गतीने, एकदाही न थबकता फेरी करून आले आणि पुठ्ठ्याच्या फलाटापाशी थांबले.

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “चार मिनिटं लेट,” ते म्हणाले.