घर पहावें दाखवून

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण आपल्या वडील मंडळींनीं स्वानुभवावरून रूढ केली. घर बांधतांना माणसाची किती त्रेधा उडते आणि लग्नकार्यांत किती ओढाताण होते, हें ज्याचें त्यालाच कळतें, इतकाच तिचा अर्थ. आमचा धंदा फोटोग्राफरचा. त्यांत पंधरा वर्षें घालविल्यावर या म्हणीस आणखी एक शेपूट जोडावें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. तें म्हणजे ‘घर पहावें दाखवून’. घर बांधण्याइतकेंच तें परक्यास प्रामाणिकपणें दाखविणें अवघड आहे, हें आम्ही ठेंच लागल्यावर शिकलों, आणि आतां तेंच इतरांस शिकवीत आहोंत.

साताऱ्यास दर रविवारीं आणि सांगलीस महिन्यांतून दोनदां आम्ही कांहीं तरुण मुलामुलींना घरांचीं छायाचित्रें घेण्याचें शिक्षण देतों. लग्नमुंजींचे फोटो काढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु विकावयाच्या किंवा भाड्यानें द्यावयाच्या घराचे फोटो नीट काढणारा मनुष्य लहान गांवीं सहसा सांपडत नाहीं. गरज मात्र रोज वाढत आहे. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं, आणि आईवडिलांसाठीं फ्लॅट पाहावयाचा सांगलीस. अशा वेळीं सारें कुटुंब मोबाइलवर आलेल्या आठदहा चित्रांवरून बेत ठरवितें. विसाराची रक्कमही कित्येकदां घर डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच पाठविली जाते. ज्या चित्रावर आयुष्याची पुंजी लावावयाची, तें चित्र काढणाऱ्यावर केवढा विश्वास टाकलेला असतो!

हा विश्वास आम्हीं एकदां गमावला. धंद्यांत नवे होतों. सांगलीस विश्रामबागेच्या बाजूला एका फ्लॅटचे फोटो काढण्याचें काम एका दलालामार्फत आलें. बाहेरची खोली जेमतेम दहा फूट बाय बारा फूट. ‘जरा ऐसपैस दिसूं द्या,’ एवढीच दलालाची सूचना. आम्हीं नुकतीच १६ मिलिमीटरची वाइड अँगल लेन्स घेतली होती आणि तिचें कौतुक ओसरलें नव्हतें. कोपऱ्यांत भिंतीला पाठ लावून चित्र घेतलें, आणि त्या लहानशा खोलीचा दिवाणखाना झाला! मुंबईच्या एका निवृत्त शिक्षकांनीं तें चित्र पाहून विसार दिला. किल्ली घेण्यास तें जोडपें आलें, त्या दिवशीं आमच्या पैशांसाठीं आम्हीही तेथें गेलों होतों. बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनीं पावलें टाकून पाहिलीं, आणि यजमानांना हळूच म्हणाल्या, “अहो, फोटोत तर इथं आपला झोपाळा बसत होता.”

त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. यजमान कांहीं बोलले नाहींत. विसार देऊन चुकले होते. त्यांनीं फ्लॅट घेतला. झोपाळा मुंबईसच कोणास तरी देऊन टाकल्याचें पुढें आमच्या कानांवर आलें. आमच्या त्या चित्रांत एक रेघही मागाहून ओढलेली नव्हती, कीं पुसलेली नव्हती. तरीही आम्हीं त्या बाईंना फसविलें होतें, यांत आम्हांस आज शंका नाहीं.

असें कां होतें, तें वाचकांनींही समजून घेण्याजोगें आहे. रुंद कोनाच्या भिंगांत खोलीचा अधिक भाग मावतो खरा. पण त्याबरोबर जवळची वस्तु मोठी होते आणि समोरची भिंत लहान होऊन दूर सरकल्यासारखी दिसते. पाहणारा त्या दुरून खोलीचा अदमास घेतो आणि चुकतो. मोठ्या कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स सुमारें ७४ अंशांचा आडवा देखावा घेते. १६ मिलिमीटरची सुमारें ९७ अंशांचा. हल्लींच्या कित्येक मोबाइलांत तर ‘०.५’ असें बटनच असतें. तें दाबलें कीं न्हाणीघराचेंही सभागृह होतें.

म्हणून आमच्या वर्गांत पहिल्या दिवशीं कॅमेरा हातीं देत नाहींत. देतात तीं तीन साधनें: मोजपट्टी, वही आणि गवंड्याचा ओळंबा. विद्यार्थ्यानें खोली मोजावी, खिडक्या कोणत्या दिशेस आहेत तें लिहावें, कोणत्या वेळीं कोणत्या खोलीत ऊन येतें तें घरच्या बायकांना विचारावें. कारण घरांतील उन्हाचें वेळापत्रक त्यांच्याइतकें कोणालाच ठाऊक नसतें. वाळवण कोठें घालतात हें कळलें कीं उजेडाची निम्मी माहिती मिळाली! ओळंब्याचें काम निराळें. कॅमेरा जरा वर किंवा खालीं कलला कीं भिंती एकमेकींवर झुकल्यासारख्या दिसतात. दाराच्या चौकटीशीं ओळंबा सोडून चित्रांतली चौकट त्याच्याशीं ताडून पाहिली, म्हणजे ही चूक मुलांच्या ध्यानांत कायमची बसते.

पुढच्या धड्यांत कॅमेरा तिपाईवर चढतो. उंची साधारण छातीइतकी. स्वयंपाकघरांत थोडी अधिक, म्हणजे ओट्याची वरची बाजू दिसते. खिडकीबाहेर लख्ख ऊन आणि आंत अंधार, ही आपल्या घरांची नेहमींची अडचण. अशा वेळीं कॅमेरा न हलवितां कमीअधिक उजेडाचीं तीन किंवा पांच चित्रें घ्यावयाचीं आणि मागाहून संगणकावर त्यांचें एक करावयाचें; माणसाचा डोळा आंतलें आणि बाहेरचें दोन्हीं पाहूं शकतो, तसेंच चित्रांतही दिसावें म्हणून. पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड एकत्र आले कीं पांढरी भिंत एका बाजूस हळदीची आणि दुसऱ्या बाजूस निळीची दिसते. तेव्हां दिवसा दिवे मालवावे हें बरें. चित्रांचा क्रम दिंडी दरवाजापासून परसापर्यंत असावा, म्हणजे पाहणारा मनानें घरांत चालूं शकतो.

घरांचीं चित्रें काढण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे आरंभींच्या नामांकित फोटोग्राफरांपैकीं होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि त्यांतून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक फोटोग्राफर तयार झाले. त्याच वर्षीं मुंबई इलाख्याच्या सरकारनें कॅप्टन बिग्ज यांस जुन्या इमारतींचीं छायाचित्रें घेण्यास नेमिलें, व त्यांनीं विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंचीं चित्रें घेतलीं. हातानें काढलेल्या नकाशाचित्रांत चितारी स्वतःच्या पदरचें घालतो. कॅमेरा तसें करणार नाहीं, असा त्या वेळचा भरंवसा होता. म्हणजे आपल्याकडे इमारतीचें छायाचित्र प्रथम आलें तें दस्तऐवज म्हणून, जाहिरात म्हणून नव्हे. आम्ही मुलांना हा इतिहास सांगतों, तो एवढ्याचसाठीं.

पण घर आवरूं नये कीं काय? अवश्य आवरावें. पाहुणा यावयाचा असतां आपण बैठक झटकतोंच. कोठें थांबावें, एवढाच प्रश्न असतो. त्यासाठीं आम्हीं एक नियम ठरविला आहे: जें घरमालक बरोबर नेणार, तें खुशाल हलवावें, जें घराबरोबर राहणार, तें चित्रांत राहूं द्यावें. वाळत घातलेले कपडे, सिलिंडर, औषधांच्या बाटल्या, खुंटीवरच्या पिशव्या जातील, बाजूला ठेवाव्या. पण भिंतीची भेग, खिडकीसमोरचा विजेचा खांब, शेजारच्या इमारतीची अंगावर आलेली भिंत हीं जाणार नाहींत. तीं संगणकावर पुसूं नयेत.

या नियमावर सांगलीच्या एका विद्यार्थिनीनें आम्हांस एकदां निरुत्तर केलें. ती गावभागांतली. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें; धोक्याची पातळी तेथें ४५ फुटांची. तिच्या घरांत पाणी शिरलें आणि उतरतांना भिंतीवर मातकट रेघ ठेवून गेलें. ती म्हणाली, “सर, आम्ही ती रेघ रंगवून टाकली. मग ती घराबरोबर राहिली की गेली?” क्षणभर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं तिनेंच तें शोधून काढलें: भिंत रंगविलेली असेल तर रंगविलेलीच दिसावी, परंतु घर नदीपासून किती दूर आहे, हें दाखविणारें एक चित्र संचांत असावें, आणि पाणी किती चढलें होतें तें विचारणारास सांगावें. हा धडा आतां आमच्या वर्गांत तिच्या नांवावर आहे.

कायद्याचेंही याला पाठबळ आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६ सालीं संमत झाला आणि महाराष्ट्रांत महारेरा हें प्राधिकरण आलें. त्याप्रमाणें नोंदणी केलेल्या नव्या प्रकल्पाच्या जाहिरातींत नोंदणीक्रमांक द्यावा लागतो. आणि जाहिरातींतील चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले व त्याचें नुकसान झालें, तर कलम १२ प्रमाणें बिल्डरानें भरपाई द्यावयाची असते. जुन्या घराच्या खासगी विक्रीस तो कायदा पोंचत नाहीं. पण तेथें १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे. विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें सांगितला पाहिजे, असें त्याचें ५५ वें कलम सांगतें. दुसऱ्याच्या घरासंबंधीं हें सांगतांना आमची जीभ कधीं अडखळली नाहीं. अडखळली ती स्वतःच्या घराची पाळी आली तेव्हां.

साताऱ्यांतील आमचा वाडा तीन भावांच्या नांवावर होता. तिघांचे संसार तीन गांवीं. वाड्यांत राहणाऱ्या एकट्या आमच्या काकू. त्यांचें वय झालें, जिना चढवेना, तेव्हां वाडा विकण्याचें सर्वांनुमतें ठरलें. फोटो आमच्या विद्यार्थ्यांनीं काढावे, असें आम्हींच सुचविलें. त्या सांगलीच्या मुलीसह चौघेजण आले. चौकांतील उजेड, ओसरीचे खांब, माजघराचा कडीपाट, तुळशीवृंदावन, सारें त्यांनीं मन लावून टिपलें. काकूंनीं देवघरांत मात्र कॅमेरा येऊं दिला नाहीं. “देव माझ्याबरोबर यायचेत. कोनाडा रिकामा झाला की मग काढा त्याचा फोटो,” असें त्या म्हणाल्या. आमचा नियम त्यांना कोणीं सांगितलेला नव्हता!

माजघराच्या मागच्या भिंतीला पुरुषभर उंचीपर्यंत ओल होती. साताऱ्याच्या पावसांत ती दरवर्षीं वर सरके. आम्ही लहानपणापासून ती पाहत आलों. चित्रांत ती स्पष्ट उमटली. रात्रीं सर्व मंडळी चित्रें पाहण्यास बसलीं, तेव्हां आमचे धाकटे बंधु म्हणाले, “दादा, एवढी भिंत तेवढी साफ करून घे. संगणकावर दोन मिनिटांचं काम.” आम्ही गप्प राहिलों. खरें सांगावयाचें तर मनांत आलें कीं, बंधु म्हणतात तें कांहीं अगदींच वावगें नाहीं. वाडा घेणारा तो पाडणारच. मग ओल दिसली काय आणि न दिसली काय? त्या रकमेंत काकूंच्या पुढच्या औषधपाण्याची तरतूदही व्हावयाची होती. ती मुलगी लॅपटॉपसमोर आमच्या शब्दाची वाट पाहत बसली होती. तिच्या बोटाखालीं ती भिंत पुसण्याचें साधन तयार होतें. आणि तिनें आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, त्या नजरेपुढें आम्हांस विश्रामबागेंतल्या त्या बाई आठवल्या. “राहूं दे,” एवढेंच आम्ही म्हणालों.

घेणारा गृहस्थ वाडा पाडणारा नव्हता. राहण्यासाठींच पाहत होता. त्यानें ओलीकडे बोट दाखवून भाव तीन लाखांनीं उतरविला. बंधूंनीं तो आंकडा आम्हांस पुढें कित्येकदां ऐकविला, आणि त्यांचें चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांतला त्यांचा वांटा आमच्या नियमापायीं गेला होता. आमच्यापाशीं जमेला एकच गोष्ट आहे. तो गृहस्थ आज रस्त्यांत भेटला तर आम्ही त्याच्याशीं थांबून बोलतों. बाजूच्या गल्लींत वळत नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरीं आज ना उद्यां असा प्रसंग येईलच, म्हणून दोन गोष्टी सुचवितों. चित्रावरून घर पाहतांना दार शोधावें. खोलीचें दार साधारणतः तीन फूट रुंद व सात फूट उंच असतें. त्या मापानें भिंत मोजावी, चित्राच्या रुंदीनें नव्हे. प्रत्येक खोलीचें समोरासमोरच्या कोपऱ्यांतून एकेक चित्र मागावें, चटई क्षेत्र लेखी घ्यावें, आणि विसार देण्यापूर्वीं घरांतल्या एका तरी माणसानें तेथें जाऊन उभें राहावें. आणि स्वतःचें घर दाखवावयाचें असेल तेव्हां चित्र काढणाऱ्या मुलास ‘जरा ऐसपैस दिसूं द्या’ असें सांगूं नये. तो मुलगा नवा असतो. आपण सांगूं तें तो शिकतो.

काकू आतां पुण्यास असतात. वाडा सोडतांना त्यांनीं चित्रांपैकीं एकच मागून घेतलें. आम्हांस वाटलें, तुळशीवृंदावनाचें मागतील. त्यांनीं माजघराचें घेतलें, मागच्या भिंतीसकट. “बाकीची छान आली आहेत रे,” त्या म्हणाल्या, “पण मी चाळीस वर्षं राहिले ते घर हे.”