तेलात पाणी की पाण्यात तेल?

आमटीवर तेलाचा लाल तवंग दिसला की आपली भूक वाढते. पण तसाच तवंग गाडीच्या रेडिएटरमध्ये दिसला, तर गाडीवाल्याच्या पोटात गोळा येतो! का येतो, ते ऐका.

इंजिनात दोन वाटा असतात. एक तेलाची, दुसरी पाण्याची. तेल फिरणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरून राहतं, म्हणून लोखंडावर लोखंड घासत नाही. पाणी इंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं आणि गार होऊन परत येतं. आता हे नुसतं पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल नावाचं द्रव्य घालतात. त्याने ते लवकर उकळत नाही. गंज धरू नये म्हणूनही त्यात औषध असतं. या मिश्रणाला कूलंट म्हणतात. दिसतं सरबतासारखं, हिरवं नाहीतर गुलाबी, आणि असतं विषारी. गोडसर लागतं म्हणून कुत्री ते चाटतात आणि जिवाला मुकतात. तेव्हा त्याला हात लावायचा नाही, बरं का!

हे दोघे सख्खे शेजारी, मध्ये भिंत मात्र पातळ. कुठे धातूची, कुठे हेड गॅस्केट नावाच्या चपट्या पत्र्याची. इंजिन फार तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जळतं, कधी भिंतीलाच तडा जातो. मग तेल-पाणी एक होतं. तुम्ही म्हणाल, "बाई, तेल आणि पाणी तर मिसळतच नाही!" बाटलीत हलवून ठेवलं तर खरंच वेगळं होतं. पण इंजिनात ते सारखं घुसळलं जातं, शिवाय इंजिनाच्या तेलात मळ धुणारी औषधं असतात. त्यामुळे त्याचं दुधाळ, चहाच्या रंगाचं ताक होतं. त्या ताकाला तेलासारखा थर धरता येत नाही आणि आतले भाग झिजू लागतात.

आमच्या शाळेत घाटाखालच्या वाडीतून अकरा मुलं जीपने येतात. वाडीला एस.टी. नाही. जीपवाले मामा एकदा गाडी धुताना पाहतात तो काय, रेडिएटरच्या झाकणाला तपकिरी, चिकट लोणी! जवळच्या एका गॅरेजमध्ये वरवर पाहून सांगितलं, "हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवायचं. कदाचित सगळं इंजिन खोलावं लागेल." मामा दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "बाई, आता म्हसच विकावी लागणार बघा. पोरांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." पहिली-दुसरीची पोरं सात किलोमीटर घाट चढणार कशी?

मुख्याध्यापकांनी तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. रविवारी मीही बरोबर गेले. खरं सांगते, मुलांना प्रयोग शिकवणाऱ्या मला तिथे चांगला धडा मिळाला.

मिस्त्रींनी पाना हातात घेतलाच नाही. आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. आत दाब असतो, त्यामुळे कूलंट शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं की मात्र उसळून तोंडावर येतं.

मग त्यांनी तेल मोजायची दांडी, डिपस्टिक, बाहेर काढली. तेल काळं होतं, पण स्वच्छ. दुधाळपणाचा मागमूस नाही. पातळी तेवढी खाली गेली होती. त्यातला एक थेंब त्यांनी तापलेल्या पत्र्यावर टाकला. फोडणीत पाणी पडलं की कसं तडतडतं? तसं काही झालं नाही. म्हणजे तेलात पाणी नव्हतं. तेल भरायच्या झाकणाच्या आत मात्र थोडी पांढरी साय होती. मामा घाबरले. मिस्त्री म्हणाले, "ती पावसाळ्यातली दमट वाफ. गाडी थोडं थोडं चालली, नीट तापली नाही की धरते. नुसत्या त्या सायीवरून काही ठरवायचं नसतं."

नंतर झाकण काढून गार इंजिन चालू केलं. गॅस्केट फुटून जळका वायू पाण्यात शिरत असेल, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात. एकही आला नाही. मागून पांढरा धूरही नाही.

आता गंमत पाहा. चालू इंजिनात तेलाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा पुष्कळ जास्त असतो. दोघांमधल्या भिंतीला भोक पडलं, तर जास्त दाबाचं कमी दाबाकडे जाणार. म्हणून तेल पाण्यात आलं, पाणी तेलात गेलं नाही! आणि दाबाचं तेल व कूलंट अगदी खेटून वाहतात अशी एक जागा म्हणजे ऑइल कूलर, तेल गार करणारी छोटी पेटी. मिस्त्रींचा संशय तिच्यावर.

पेटी खोलली. तिची तोंडं बंद केली, एकातून हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवली. सायकलचं पंक्चर काढताना बघतो ना आपण, अगदी तस्सं! एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. मामा खाली वाकून बघतच राहिले.

हेडला हात लागला नाही. नवी पेटी बसली. खरा वेळ खाल्ला तो साफसफाईने. साबणासारखं द्रव्य घालून चार वेळा रेडिएटर आणि नळ्या धुतल्या, तेव्हा कुठे स्वच्छ पाणी दिसलं. मग नवं कूलंट. इंजिनाचं तेल आणि फिल्टरही बदलला. रबरी नळ्या तेल पिऊन फुगल्या होत्या, त्या फेकाव्या लागल्या. म्हैस गोठ्यातच राहिली. गुरुवारी अकराच्या अकरा मुलं जीपमधून उतरली.

फुगलेल्या नळीचा एक तुकडा मी मागून आणला आहे. आमच्या विज्ञानाच्या कपाटात चांगल्या नळीच्या तुकड्याशेजारी ठेवला आहे. मुलं दोन्ही दाबून बघतात. फुगलेला बोटाखाली पावासारखा दबतो.