गोत्रांतर

नात्यांची मोजदाद करण्याची आम्हांला लहानपणापासून हौस. माणसांची तर आम्ही करीतच असू; पण बुलढाण्याच्या आमच्या परसात येणाऱ्या पाखरांचीही करीत असू. भिंतीच्या भोकात घरटे करून शेपूट उभारून मिरवणारा काळा चिरक, पहाटे आंब्याच्या शेंड्यावरून गाणारा दयाळ, हिवाळ्याच्या तोंडी उत्तरेकडून येऊन शेपूट थरथरवीत बसणारा थिरथिरा, हे सारे कस्तुराचे भाऊबंद, असे तीर्थरूपांनी आम्हांस शिकविले होते; जुन्या पक्षिग्रंथांतही तसेच असे.

खुद्द कस्तुराची गाठ मात्र घरबसल्या पडत नसे. त्यासाठी खामगावच्या रस्त्याने बोथ्याच्या घाटात, आजच्या ज्ञानगंगा अभयारण्यात, ओढ्याकाठी निमूट बसावे लागे. मग नारिंगी डोक्याचा, निळसर राखी पाठीचा तो पक्षी पाचोळा उलटवीत हळूच पुढे येई.

पुढे कळले की, आमची ही वंशावळ चुकीची आहे. सन १९९० मध्ये सिब्ली व आल्क्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चिरक, दयाळ यांची रवानगी माशीमारांत झाली, आणि नंतरच्या संशोधनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पिलांच्या अंगावरचे ठिपके पाहून जुळविलेली सोयरीक रक्ताच्या कसोटीस उतरली नाही. हिवाळ्यात कड्याकपारींवर एकटाच बसणारा निळा कस्तुर तर नावाने कस्तुर राहिला आणि घराण्याने माशीमार ठरला!

हे आमच्या वाचनात आले त्याच वर्षी तीर्थरूप निवर्तले होते, आणि वाड्याच्या वाटणीचे कागद आमच्यापुढे होते. मागल्या खोलीत चाळीस वर्षे आक्का राहत. आम्हां भावंडांना त्यांनीच न्हाऊमाखू घातले. पण रक्ताचे नाते काहीच नव्हते. थोरल्या बंधूंनी मांडलेल्या वंशावळीत त्यांचे नाव कोठेच बसेना. ती खोली पाडावी, असे ठरू लागले. आम्हीही गप्प बसलो. याची आज लाज वाटते.

आक्कांनी बोचके बांधून ठेविले होते. आम्ही दाराशी गेलो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “बाळा, भिंतीच्या भोकात चिरकाची पिले आहेत. ती उडेपर्यंत भिंत पाडू नका हो.” स्वतःविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. सकाळी बंधूंशी दोन तास वाद घातला, आणि आक्कांच्या हयातीपर्यंत खोली त्यांचीच, असे वाटणीपत्रात घालून घेतले. लेखनिकाने विचारले, “नाते काय लिहू?” आम्ही सांगितले, “मावशी.” बंधूंनी आमच्याकडे पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. निळ्या कस्तुरालाही त्याचे जुने नाव कोणी टाकावयास लाविलेले नाही.